विहिरीची पायरी आणि समुद्राचे पाणी

(तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



‘पर्यटन आणि ग्रामविकास’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची आज्ञा आहे. विषय मोठा आणि माझा अधिकार लहान. तेव्हा पर्यटनाची व्याख्या वगैरे सांगण्याच्या भरीस मी पडत नाही. आमच्या गावाने काढलेल्या एका सहलीची हकिकत सांगतो. ती सांगताना विहिरी, शेततळी आणि दोर यांविषयीही बोलावे लागेल. विषयांतर झाले असे कोणास वाटल्यास अध्यक्षांनी घंटा वाजवावी.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा हा अहिल्यानगर जिल्हा चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो कोसळतो आणि इकडे पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो. तरीही आपल्या माणसांची हौस पाहा. राहुरीजवळ मुळा धरणाचे पाणी साठले, त्याला आपण ज्ञानेश्वरसागर म्हटले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी शेवगाव-नेवाशाच्या शिवाराला येऊन भिडले, तो नाथसागर झाला. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांनी धरणांना सागर म्हटले आणि त्यापुढे संतांची नावे लावली. पाण्याविषयीचे आपले प्रेम यातून दिसते. पाण्याशी आपली ओळख मात्र दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, आणि आजचे माझे बोलणे त्या ओळखीविषयी आहे.

माझ्या लहानपणी गावात मोटेच्या विहिरी होत्या. धाव, थारोळे आणि आत उतरायला दगडी पायऱ्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांतल्या बऱ्याच विहिरी आणखी खोल खणल्या गेल्या. पाऊस चांगला झाला की त्या तुडुंब भरत, आणि सात-आठ वर्षांच्या पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून थोरला भाऊ त्याला सरळ पाण्यात ढकलून देई. पोर रडे, गटांगळ्या खाई, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी डबा न बांधता उडी मारी. या शिक्षणास अनुदान नव्हते, अभ्यासक्रम नव्हता आणि त्यात नापास झालेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. मुलींच्या वाट्याला हे शिक्षण फारसे आले नाही, हा त्यातला दोष होता आणि तो मी लपवीत नाही.

पुढे मोट गेली, पंप आला. पाणी खाली गेले, विंधन विहिरी आल्या. सहा इंची भोकात कोणी पोहत नाही. काही गावांनी शहाणपण दाखविले. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधन विहीर न घेण्याचा नियम स्वतःवर घालून घेतला, हे आपण सर्व जाणता. परंतु बहुतेक ठिकाणी उघड्या विहिरी कोरड्या पडल्या, काही बुजल्या, आणि पोहण्याचे शिक्षण कोणाच्याही लक्षात न येता बंद पडले. त्यानंतर पाणी पुन्हा गावात आले, ते शेततळ्याच्या रूपाने. शेततळ्यांनी डाळिंबाच्या बागा वाचविल्या, कांदा वाचविला. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझ्या स्वतःच्या भावाच्या शेतात एक आहे. पण एक फरक आहे, तो कोणी सांगत नाही. विहिरीला पायरी होती. शेततळ्याला पायरी नाही. चारही बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदाचा उतार, आणि पाण्याच्या रेषेपाशी त्यावर शेवाळ.

२०१८ साली, मी नोकरीत असताना, आमच्या शाळेतील सातवीचा एक मुलगा अशा शेततळ्यात बुडाला. शनिवारची दुपार होती. शेळीचे करडू उतारावरून घसरले म्हणून तो खाली गेला. नाव सांगत नाही. आईवडील गावातच आहेत. मला आपणास एवढेच सांगायचे आहे की, त्याला पोहता येत होते. आजोळी नदीवर शिकलेला पोर होता. तो पोहला, कागदावर उमटलेल्या बोटांच्या खुणा पाहिल्यावर आम्हांला कळले की, तो चारही बाजूंना जाऊन आला होता. वर येण्यासाठी हाताला धरायला काही नव्हते. करडू मात्र दुसऱ्या दिवशी कडेला बांधाच्या वर सापडले.

त्या दिवसानंतर गावात पाण्याची धास्ती बसली. आईबापांनी पोरांना पाण्याजवळ फिरकू नका, असे बजावले. हा उपाय स्वाभाविक आहे, पण तो टिकत नाही. पोरगे पाण्याकडे जाणारच. पाण्याला भिणारे मूल पाण्यात पडले म्हणजे घाबरते, आणि घाबरलेले मूल आधी बुडते. निवृत्त झाल्यावर मी, आमच्या गावचे दोन तरुण शेतकरी आणि बचत गटाच्या काही भगिनी यांनी ठरविले की, गावातील एक जुनी पायऱ्यांची विहीर साफ करावी आणि दिवाळीनंतर पाणी असेपर्यंत मुलांना पोहायला शिकवावे. मुलींनाही. मुलींच्या नावाला काहींनी नाके मुरडली. तेव्हा बचत गटातील एका आजींनी भर सभेत विचारले, “पाणी बुडवताना पोरगा का पोरगी हे बघतं का?” त्यानंतर कोणी बोलले नाही. मुलींची वेळ वेगळी ठेवली, अंगभर कपडे ठेवले, शिकवायला गावात दिलेल्या दोन सुना पुढे आल्या; त्या प्रवरेकाठच्या होत्या आणि उत्तम पोहत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच पाण्यात उतरल्याचे त्यांनी हसत हसत सांगितले.

मुलांना काही आमिष दाखवावे लागते. कोणीतरी म्हणाले, जो विहिरीच्या चार फेऱ्या न थांबता मारील त्याला समुद्र दाखवायचा. बोलण्याच्या भरात हे बोलले गेले आणि मग गळ्यात पडले. एकतीस मुलांनी फेऱ्या पुऱ्या केल्या. त्यांत तेरा मुली.

येथे शिक्षकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही शाळेची सहल नव्हती. शालेय सहली पाण्याच्या ठिकाणी नेण्यासंबंधी शिक्षण विभागाच्या सूचना कडक आहेत, आणि त्या तशाच असाव्यात असे माझे मत आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले, हे आपण विसरलेलो नाही. चाळीस मुलांमागे दोन शिक्षक हा हिशेब किनाऱ्यावर चालत नाही. आमच्याबरोबर प्रत्येक मुलाचे आई, वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणीतरी होते. खर्च ज्याचा त्याने केला; ज्यांना झेपत नव्हता त्यांचा बचत गटाने उचलला. एस.टी.च्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर घेतल्या आणि जानेवारीत आम्ही मालवणकडे निघालो.

आमच्याकडून मालवण सुमारे पाचशे किलोमीटर. मालवणच का, असे अनेकांनी विचारले. अलिबाग जवळ होते. मालवण निवडले ते तेथे होडी आहे, किल्ला आहे आणि स्वच्छ पाण्यात डोके घालून समुद्राचा तळ पाहण्याची सोय आहे म्हणून. या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. सिंधुदुर्ग हा जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये तो देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेथील लोकांना पाहुणे हाताळण्याची सवय झालेली आहे. ती सवय म्हणजे काय, हे पाहणे हाही आमचा एक हेतू होता.

दिवस आम्ही अष्टमीचा धरला होता. यामागे एक हिशेब आहे, तो मुलांना फार आवडला म्हणून सांगतो. कोकणात जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे. येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाने, बारकाईने पाहिल्यास पन्नासेक मिनिटांनी, पुढे सरकते, म्हणून हा हिशेब ढोबळपणे जुळतो. आमच्या पोरांनी दोन दिवस वहीत वेळा लिहिल्या आणि पडताळा पाहिला. व्यवहारी अपूर्णांक शिकविण्यासाठी मी तीस वर्षे खडू झिजवला. हे उदाहरण मला नोकरीत असताना मिळाले असते तर बरे झाले असते. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्यावेत, कारण त्या वेळी पाण्याची चढउतार कमी असते; त्या लहान भरतीला तिकडे भांग म्हणतात. शिवाय सकाळी वारा पडलेला असतो, पाणी नितळ असते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा उठतात. पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्याच्या अखेरीस तर या होड्या बंदच होतात.

धक्क्यावर एका होडीवाल्याने आम्हांला लवकर सोडण्याची तयारी दाखविली. त्याच्याकडे जीवरक्षक जाकिटे सात कमी होती. “दहा मिन्टांचो तर प्रश्न,” तो म्हणाला. आमच्यातील काही वडीलधाऱ्यांनाही ते पटले होते. पाचशे किलोमीटर आल्यावर माणसाला घाई होते. आम्ही थांबलो. परवानाधारक होडीवर प्रवासीसंख्या रंगविलेली असते, ती मुलांनाच मोजायला लावली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी नौकेला नौदलाची वेगवान बोट धडकली, त्या वेळी ज्यांच्या अंगावर जाकिटे नव्हती त्यांचे काय झाले, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. जाकीट अपघातानंतर घालता येत नाही.

दुसऱ्या होडीचा तांडेल साठीच्या पुढचा होता. मुले होडीत गप्प बसलेली पाहून त्याने विचारले, “पोवाक येता काय रे तुमका?” मुलांनी विहिरीत येते असे सांगितले. “बावीत पोवतास मा? मगे भियातास कित्याक? पाणी तां पाणीच.” एवढे बोलून त्याने यंत्र सुरू केले आणि पुढे जी तंबी दिली ती फार सौम्य भाषेत नव्हती. कोणी उभे राहायचे नाही, कोणी काठाबाहेर हात काढायचा नाही, आणि छायाचित्रासाठी सगळे एका बाजूला धावले तर होडी उलटते. आमचे एक पंचायत सदस्य तेवढ्यात उभे राहिले. तांडेलाने त्यांना त्यांच्या नातवादेखत खाली बसविले.

सिंधुदुर्ग किल्ल्याचे वर्णन मी करीत बसत नाही. आपण ते पुस्तकांत वाचले आहे. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी दुर्गांबरोबर त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. परंतु आमच्या दुष्काळी भागातील माणसे तटबंदीपुढे थांबली नाहीत तेवढी विहिरींपुढे थांबली. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भोवती खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. आमच्या बरोबरच्या बायकांनी ओंजळीने पाणी चाखून पाहिले. एका मुलाने विचारले, असे कसे? मी सांगितले की, पावसाचे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, आणि समुद्रातील बेटांवर ते जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या वर साठून राहते. बेताने उपसले तर टिकते. अधाशासारखे उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते. यावर आमच्या गावातील एक बागाईतदार, ज्यांच्या रानात नऊ विंधन विहिरी आहेत आणि त्यांतल्या सात कोरड्या आहेत, ते बराच वेळ काठावर वाकून पाहत राहिले. मी त्यांना काही म्हटले नाही.

आता पाण्याखालचे. किल्ल्याभोवतालचा समुद्र हा १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र. तेथे खडकांवर प्रवाळ आहे, समुद्रशेवाळाची रानेच्या राने आहेत आणि त्यांत नाना रंगांचे मासे फिरत असतात. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे पाणबुड्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्याबरोबर आलेला तरुण वाटाड्या तेथेच शिकलेला आणि कोळ्याच्या घरचा होता. बाप मासे पकडतो आणि मुलगा लोकांना मासे दाखवितो, असे तो स्वतःच म्हणाला.

साधने साधी आहेत. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची वाकडी नळी. पाण्यात उघडे डोळे ठेवले तर सगळे धूसर दिसते; मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेचा थर राहतो आणि स्पष्ट दिसू लागते, मात्र मासा असतो त्याहून सुमारे एक तृतीयांश मोठा दिसतो. मुलांनी घरी येऊन माशांची जी मापे सांगितली त्यांतून हा तृतीयांश वजा करावा, तरीही काही बाकी वजा करावे लागेल. काचेवर वाफ धरू नये म्हणून तिला आतून थुंकी लावून धुतात, हे ऐकून मुलींनी तोंडे वाकडी केली आणि मग सर्वांत आधी त्यांनीच ते केले. पहिला मान मला दिला गेला. मी पन्नास वर्षे पोहणारा माणूस. पाण्यात तोंड घातले आणि जन्माच्या सवयीने नाकाने श्वास घेऊ लागलो. नाक बंद; जीव घाबरा झाला; तोंड उघडले तो नळी सुटली आणि खारे पाणी घशात. सर्व विद्यार्थ्यांच्या देखत मुख्याध्यापक खोकत वर आले. याचा परिणाम फार चांगला झाला. गुरुजींनाही जमले नाही म्हटल्यावर मुलांची भीती निम्म्याने कमी झाली.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे त्यात शरीर अधिक सहज तरंगते. अंगावर जाकीट, हातात हवेची नळकांडी कडी, आणि एका वाटाड्यामागे दोनच मुले. विहिरीत ज्या मुलीला सर्वांत उशिरा जमले होते ती पाण्यात तोंड घालून पडली ती वर यायलाच तयार होईना. तिला बोलावण्यासाठी तिच्या आईने होडीतून हाका मारल्या. पाण्याखाली त्या कुठल्या ऐकू जायला. शेवटी वाटाड्याने तिच्या खांद्याला हात लावला. वर आल्यावर तिने काय पाहिले म्हणून विचारले तर ती म्हणाली, “तळ.” इतकेच. विहिरीचा तळ कोणाला दिसत नाही, शेततळ्याचा दिसत नाही. आमच्या मुलांनी पाण्याचा तळ प्रथमच पाहिला.

वाटाड्याने पाण्यात उतरण्यापूर्वीच ताकीद दिली होती की, प्रवाळाला हात लावायचा नाही आणि त्यावर पाय टेकायचा नाही. ते दगडासारखे दिसते, पण ते जिवंत प्राण्यांचे घर आहे आणि तेथले प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढते. एक नांगर आडवा पडला तर अनेक वर्षांची वाढ मोडते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले तर प्रवाळ पांढरे पडते आणि ती उष्णता टिकली तर मरते. पाहुणे वाढले की उत्पन्न वाढते आणि ज्यासाठी पाहुणे येतात ते झिजते, असा हा पेच आहे. मालवणच्या लोकांना तो सुटला आहे असे मला दिसले नाही. अभयारण्य झाले तेव्हा मच्छीमारांचा त्यास विरोध होता, आणि पोटावर पाय येतो असे वाटल्यास कोण विरोध करणार नाही?

जेवणाविषयी न बोललो तर आमच्या भगिनी मला घरी जाऊ देणार नाहीत. मुक्काम ‘न्याहारी व निवास’ योजनेखालील घरांत होता. ही योजना अशी की, घरातील काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि घरचेच जेवण घालायचे. आमच्यात निम्मे माळकरी. घरधनीणबाईंनी त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, घावणे आणि सोलकढी वाढली. बाकीच्यांना तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि उकड्या तांदळाचा भात. काटे काढता न आल्यामुळे आमच्या एका पाहुण्याचे जेवण दीड तास चालले. दुसऱ्या दिवशी आमच्या बायकांनी त्यांच्या चुलीचा ताबा घेतला आणि आपल्याकडची मासवडी केली. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेली वडी त्या घरधनीणबाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “ह्यात मासो खंय?” मासा न पाहिलेल्या मुलखाने माशाच्या आकाराची वडी करून तिला मासवडी म्हणावे, ही गोष्ट त्यांना इतकी गमतीची वाटली की त्यांनी शेजारच्या चार घरांत ती पाठविली. आमच्या बायकांनी येताना कोकम आणि तिरफळ आणले. तिरफळ कोणी वापरलेले मी अद्याप पाहिले नाही.

तेव्हा पर्यटन आणि ग्रामविकास. आपल्या जिल्ह्यात समुद्र नसला तरी भंडारदरा आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण, त्यामागचा आर्थर जलाशय, पलीकडच्या काठाला रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, वर रतनगड आणि कळसूबाई. एके काळी शेंडीहून रतनवाडीला जायचे ते होडीनेच. काजव्यांच्या दिवसांत तेथे गाड्यांच्या रांगा लागतात. पण आलेल्या पाहुण्याला आपण काय वाढतो? शहरात मिळते तेच. अकोले तालुक्यात काळभातासारखे सुवासिक वाण आहेत, नागली आहे, हुलग्याचे शेंगोळे आहेत. त्याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. मालवणच्या बाईने आम्हांला तिच्या घरचे वाढले. तिच्या घराबाहेर पाटी नव्हती, तरी खोल्या भरलेल्या होत्या.

पण होड्या सुरू करायच्या तर आधी तांडेल तयार करावा लागतो, आणि हे काम ठेका देऊन होत नाही. धरणाचे पाणी समुद्राहून सौम्य असते हा समज सोडून द्या. ते थंड असते, कडेला एकदम खोल होते आणि खाली झाडांची खोडे असतात. २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान प्राणांस मुकले. ती शिकलेली माणसे होती. म्हणूनच आमच्या विहिरीवर आम्ही पहिला धडा शिकवतो तो उडी न मारण्याचा. कोणी बुडत असेल तर आधी ओरडून माणसे जमवावीत, काठी पुढे करावी, दोर किंवा बूच लावलेला रिकामा डबा फेकावा. साडी, धोतर, पाइप, जे हाताशी येईल ते. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, चाकावर घालून फिरवू नये, पोट दाबून पाणी काढीत बसू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी, तीस वेळा दाबून दोन श्वास, आणि दुसऱ्या कोणीतरी तोपर्यंत १०८ ला दूरध्वनी करावा. हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ग्रामसभेस बोलावून करून घ्यावे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्याचे अपघात टाळण्यासाठी नेमून दिला. तो ठराव पुढे आणण्यात बांगलादेश होता. पाण्यात अर्धा बुडालेला तो देश. तेथे गावच्या तळ्यातच बांबूचा मंच उभा करून त्यावर लहान मुलांना पोहायला शिकवितात. तरणतलाव बांधण्यासाठी निधी नाही, हे उत्तर तेथे कोणी दिले नाही. आपल्याकडे ते उत्तर मी तीन बैठकांत ऐकले आहे.

मालवणहून परतताना गाडीत त्या मुलाचे वडील माझ्या शेजारी बसले होते. हो, तेही आले होते, धाकट्या मुलीला घेऊन. घाट चढेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, त्या होडीला कडेनं दोर बांधलेला होता. पाण्यात पडला तर धरायला.” मी हो म्हटले. “आपल्या तळ्याला का नाही?”

त्या उन्हाळ्यात गावातील शेततळी आम्ही मोजली. तेवीस निघाली. प्रत्येक तळ्याच्या चारही बाजूंना, वर पक्क्या खुंटाला बांधलेला आणि खाली पाण्यापर्यंत सोडलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर. एका कोपऱ्यात बूच लावलेले दोन डबे. आणि तारेचे कुंपण, ज्याचे फाटक आतल्या पोराला उघडता येईल पण बाहेरच्या लहान पोराला उघडता येणार नाही. उन्हाने दोर कुजतो, म्हणून दर अक्षय्य तृतीयेस तो बदलायचा. पहिले दोर त्या वडिलांनी स्वतःच्या पैशाने आणले आणि स्वतःच्या हाताने गाठी मारल्या. चौदा तळ्यांना दोर लागले आहेत. नऊ मालकांनी आज लावतो, उद्या लावतो असे म्हणत दोन वर्षे काढली. त्या नऊ जणांची यादी माझ्या खिशात आहे, आणि त्यांतील चौघे या सभागृहात बसले आहेत. मी नावे वाचणार नाही. चहाच्या वेळी मी बाहेर वडाखाली थांबतो. दोर मी बरोबर आणले आहेत.